नेटचा स्पीड: प्लॅनवरचा आकडा आणि घरात येणारं नेट

घरचं नेट हळू वाटलं की बहुतेक जण एकच उपाय करतात. प्लॅन वाढवतात. शंभरचा दोनशे, दोनशेचा पाचशे. काही घरांत त्याने खरोखर फरक पडतो. पण पुष्कळ घरांत बिल तेवढं वाढतं आणि व्हिडिओ कॉल पहिल्यासारखाच अडकत राहतो, कारण लाईनचा स्पीड कधी कमी नव्हताच. अडचण असते राउटर ते बेडरूम या टप्प्यात, किंवा अपलोडमध्ये, किंवा रात्रीच्या वेळी कंपनीच्या नेटवर्कवर होणाऱ्या गर्दीत. नेमकं घोडं कुठे पेंड खातंय हे घरबसल्या शोधता येतं. कोणता आकडा काय सांगतो तेवढं ठाऊक हवं, मग प्लॅन वाढवायचा की नाही, कंपनी बदलायची की नाही, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

एमबीपीएस आणि एमबी

प्लॅनवर लिहिलेलं एमबीपीएस म्हणजे दर सेकंदाला इतके मेगाबिट. फाईल डाऊनलोड होताना स्क्रीनवर दिसतं ते बहुधा मेगाबाइटमध्ये असतं. आठ बिट मिळून एक बाइट होतो, म्हणून १०० एमबीपीएसच्या लाईनवर फाईल सेकंदाला फार तर १२.५ एमबी वेगाने उतरते. प्रत्यक्षात ११ ते १२ दिसले तर लाईन व्यवस्थित चालली आहे. उरलेला वाटा पत्त्यांना लागतो. डाटा लहान लहान पॅकेटमध्ये जातो आणि प्रत्येक पॅकेटवर कुठून आलं, कुठे जायचं हे लिहिलेलं असतं. लॅन केबलवर एका पूर्ण भरलेल्या पॅकेटमागे १५३८ बाइट इतकी जागा खर्च होते आणि त्यात आपल्या कामाचे असतात १४६० च्या आसपास. म्हणजे साधारण ९५ टक्के. म्हणून शंभरच्या केबलवर स्पीड टेस्ट ९४ च्या आसपास थांबते. हा ९४ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दर सेकंदाला किती डाटा येतो हा झाला स्पीड. आपण क्लिक केल्यावर उत्तर यायला किती वेळ लागतो ही वेगळी गोष्ट आहे. तिला लेटन्सी म्हणतात, टेस्टमध्ये ती ‘पिंग’ म्हणून मिलिसेकंदात दिसते. फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन हिशेब केला तर दर शंभर किलोमीटरला एक मिलिसेकंद. सहा हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरचं उत्तर ६० मिलिसेकंदांच्या आत येऊच शकत नाही, मग प्लॅन एक हजाराचा असो की पन्नासचा. वेबपेज उघडताना ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात अशा बऱ्याच फेऱ्या होतात. आधी साइटचा पत्ता विचारायचा, मग जोडणी करायची, मग सुरक्षेची देवाणघेवाण, मग पान, मग त्यातली चित्रं. गूगलमध्ये काम करत असताना माइक बेल्शे यांनी २०१० मध्ये हे मोजून दाखवलं होतं. पान उघडायला लागणारा वेळ काही एमबीपीएसच्या पुढे स्पीड वाढवून फारसा कमी होत नव्हता, लेटन्सी कमी केली की मात्र तो सरळ कमी होत जात होता. तेव्हापासून पानं जड झाली आहेत, पण मुद्दा बदललेला नाही.

मग लागतं तरी किती?

वाटतं त्यापेक्षा कमी. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरतात. चांगल्या प्रतीच्या ग्रुप व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी तीन-चार एमबीपीएस लागतात. ऑनलाइन गेम खेळताना तर त्याहूनही कमी, गेमला लेटन्सी महत्त्वाची. आता घर भरून बघा. दोन टीव्हींवर फोर-के चालू, दोन जण कॉलवर, दोघे-तिघे फोनवर व्हिडिओ बघतायत. सगळं मिळून पन्नास-साठच्या घरात जातं. शंभरची लाईन खरोखर शंभर देत असेल तर अशा घराला ती पुरते.

मोठा प्लॅन कोणाला खरंच लागतो? जो वारंवार मोठ्या फाइली उतरवतो त्याला. ८० जीबीचा गेम १०० एमबीपीएसवर यायला पावणेदोन तासांच्या वर लागतात, ५०० वर तेच काम एकवीस-बावीस मिनिटांत होतं. व्हिडिओ एडिटिंग करणारे, रोज मोठा बॅकअप घेणारे, गेमच्या बाबतीत थांबायची तयारी नसणारे, अशांच्या पैशाचं मोल होतं. वर्षातून दोनदा मोठी फाईल उतरवणाऱ्याने ती रात्री लावून झोपावं आणि पैसे वाचवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉल अडकतो तो अपलोडमुळे

जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो डाऊनलोडचा आकडा. तांब्याच्या टेलिफोन लाईनवरचं डीएसएल किंवा टीव्ही केबलवरचं नेट असेल तर अपलोड त्याच्या दशांशही असू शकतो. फायबरवर दोन्ही बाजू सारख्या देणं सोपं असतं, तरी सगळ्या कंपन्या तसं देतातच असं नाही, म्हणून घेण्याआधी विचारायचंच. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०२४ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलली तेव्हा डाऊनलोड २५ वरून १०० एमबीपीएसवर नेला आणि अपलोड ३ वरून २० वर. वाढीचं प्रमाण अपलोडच्या बाजूने जास्त आहे, कारण घरातून बाहेर जाणारा डाटा आता खूप वाढला आहे. कॉलवरचा आपला चेहरा, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, फोनमधले फोटो, सगळं वर जातं.

इथे एक गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे, कारण ‘नेट मध्येच मरतं’ या तक्रारीच्या मुळाशी बऱ्याचदा तीच असते.

समजा अपलोड १० एमबीपीएस आहे. कोणीतरी बाहेरून घरी आलं, फोन वाय-फायला जोडला गेला आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढू लागले. फोन राउटरकडे शक्य तितक्या वेगाने डाटा ढकलतो. राउटरला पुढे मात्र दहाचीच वाट आहे. उरलेली पॅकेट तो आपल्या मेमरीत रांगेत उभी करतो. ही रांग लांबलचक ठेवलेली असेल तर त्याच वेळी कॉलवर बोलणाऱ्याच्या आवाजाचं इवलंसं पॅकेट तिच्या शेपटाला जाऊन उभं राहतं. शंभर पोती चढवणाऱ्याच्या मागे हातात एक पाकीट घेऊन उभं राहावं तसं. पिंग १५ मिलिसेकंदांवरून ५००, ८०० वर जातो. समोरच्याला आपला आवाज तुटक ऐकू येतो. इतकंच नाही, आपण काही डाऊनलोड करत असलो तर तेही रेंगाळतं, कारण ‘हे पॅकेट मिळालं, पुढचं पाठव’ ही पोचसुद्धा त्याच रांगेतून वर जाते. फोटो चढून संपले की सगळं आपोआप सुरळीत होतं आणि नेमकं काय झालं होतं ते कोणालाच कळत नाही.

याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाने २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या नेटवर याचा छडा लावला आणि त्यावर लोकांचं लक्ष वेधलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची पद्धत मांडली. रांगेत पॅकेट किती वेळ उभं आहे हे ती बघते, आणि रांग फार वेळ तुंबून राहिली तर काही पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला हळू व्हायला लावते. तिच्यावरून निघालेली सुधारित पद्धत लहान पॅकेटना अडकू देत नाही. आज अनेक राउटरमध्ये ती ‘स्मार्ट क्यू’, ‘एसक्यूएम’ किंवा नुसतं ‘क्यूओएस’ अशा नावाखाली सापडते. ती चालू करायची आणि तिथे अपलोड-डाऊनलोडचा आकडा मोजलेल्या स्पीडच्या ९० टक्क्यांच्या आसपास भरायचा. दहा टक्के स्पीड हातचा सोडावा लागतो, पण रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि तिथे तिला वळण लावता येतं. एक खबरदारी आहे. राउटर जुना असेल तर मोठ्या स्पीडला हे काम त्याला झेपत नाही आणि स्पीड भलताच पडतो. चालू करून पुन्हा टेस्ट करून बघायची.

आपल्याकडे हा त्रास आहे का, हे बघायला वेगळं काही लागत नाही. फास्ट डॉट कॉमवर टेस्ट झाल्यावर अधिक माहिती उघडली की लेटन्सीचे दोन आकडे दिसतात, लाईन मोकळी असतानाचा आणि लाईन भरलेली असतानाचा. ऊक्लाच्या स्पीडटेस्टमध्येही डाऊनलोड आणि अपलोड चालू असतानाचे पिंग वेगळे दाखवतात. मोकळा १५ आणि भरलेला ४० असेल तर उत्तम. मोकळा १५ आणि भरलेला ४०० असेल तर प्लॅन वाढवण्याआधी हे दुरुस्त करा.

एकदा केबल लावून बघा

सगळ्यात जास्त माहिती देणारी टेस्ट सगळ्यात कमी लोक करतात. लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, घरातल्या बाकीच्यांना दोन मिनिटं नेट थांबवायला सांगा आणि टेस्ट चालवा. केबलवर प्लॅनएवढा स्पीड आला आणि सोफ्यावर बसून वाय-फायवर त्याच्या चौथाई आला, तर कंपनी आपलं काम करते आहे. दुखणं घरातल्या वाय-फायचं आहे.

केबलवर टेस्ट ९४ वर येऊन अडली आणि प्लॅन २०० किंवा ३०० चा असेल, तर लाईनला दोष द्यायची घाई करू नका. मघाचा आकडा आठवा. कुठेतरी शंभरचा पोर्ट आहे. स्वस्त राउटरना आणि कंपनीने दिलेल्या काही डब्यांना अजूनही शंभरचेच पोर्ट असतात. किंवा केबल खराब आहे. लॅन केबलच्या आत तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात, शंभरला दोनच पुरतात. एखादी तार तुटली किंवा टोकाच्या प्लगमध्ये नीट बसली नाही, तर जोडणी बहुतेकदा बंद पडत नाही, गुपचूप शंभरवर उतरते. दिवे लुकलुकत राहतात, नेट चालत राहतं. प्लगचा छोटा प्लॅस्टिकचा चाप मोडलेला असेल तर आधी तीच केबल बदला. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ दिसतो. तिथे १००० आहे की १०० हे बघितलं की प्रश्न मिटतो. एका केबलपायी महिनोन् महिने निम्म्याहून जास्त स्पीड वाया जाऊ शकतो.

वाय-फाय

राउटरच्या खोक्यावरचा ‘एएक्स ३०००’ हा आकडा दोन्ही बँडची, म्हणजे वाय-फायच्या दोन लहरपट्ट्यांची, बेरीज असतो. २.४ गिगाहर्ट्झचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झचे २४०२, मिळून जवळपास तीन हजार. फोन एका वेळी साधारण एकाच बँडवर असतो. त्याला दोन अँटेना असतात आणि ८० मेगाहर्ट्झच्या नेहमीच्या चॅनलवर त्याची जोडणी १२०० ला होते. हवेतल्या बाकी व्यवहारात त्यातला मोठा वाटा जातो, त्यामुळे राउटरच्या समोर उभं राहूनही ६०० ते ८०० मिळाले तर ते छानच आहे. दोन भिंती ओलांडल्या की तोच आकडा शंभरच्या खाली येऊ शकतो.

२.४ चा बँड लांब जातो, पण हळू आहे आणि गच्च भरलेला आहे. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. शेजारपाजारचे सगळे राउटर याच तिघांत दाटीवाटीने बसलेले असतात, शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. ५ गिगाहर्ट्झला जागा ऐसपैस आहे पण भिंत त्याला जास्त अडवते. वाय-फाय ६ई आणि ७ मध्ये आलेला ६ गिगाहर्ट्झचा बँड आणखी मोकळा, आणि भिंतींपुढे आणखी हळवा.

म्हणून राउटर कुठे ठेवला आहे याला फार महत्त्व आहे. बसवायला आलेला माणूस वायर जिथून आत येते तिथेच, दाराजवळच्या कोपऱ्यात, तो ठोकून जातो. मग निम्मा सिग्नल जिन्यात जातो. तो घराच्या मध्याशी, उंचावर, उघड्यावर हवा. कपाटात, टीव्हीच्या मागे, आरशाजवळ किंवा माशांच्या टाकीशेजारी नको. पाणी आणि धातू सिग्नल खातात किंवा परतवतात. वायर दहा-पंधरा मीटर लांबवायला सांगायला संकोचू नका, फायबरला तेवढ्या अंतराने काही होत नाही.

दुसरं म्हणजे हवा सगळ्यांची एकच असते. एका चॅनलवर एका वेळी साधारण एकच उपकरण बोलतं. लांबच्या खोलीतला, कमी रेंजचा जुना टॅब हळू बोलतो आणि तेवढा वेळ बाकीचे थांबून राहतात. जी उपकरणं जागेवरून हलत नाहीत, म्हणजे टीव्ही, डेस्कटॉप, गेमचा कन्सोल, त्यांना केबल द्या. त्यांचा वेग वाढतोच, शिवाय फोनसाठी हवा मोकळी होते. सिग्नल पुढे पोचवणारा स्वस्त एक्सटेंडर एकाच बँडवर ऐकून त्याच बँडवर पुढे बोलतो, त्यामुळे तिथे स्पीड साधारण निम्मा होतो. मोठ्या घराला मेश, म्हणजे एकच वाय-फाय मिळून पसरवणारे दोन-तीन डबे, बरं, आणि त्याचे डबे एकमेकांना केबलने जोडता आले तर फारच बरं.

रात्रीचं नेट

केबलवर सकाळी सात वाजता पूर्ण स्पीड आणि रात्री साडेनऊला तिसरा हिस्सा? मग दोष घराबाहेर आहे. आपली लाईन शेवटपर्यंत एकट्या आपली नसते. घराघरांत येणारं फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन नावाच्या पद्धतीवर चालतं. त्यात एका मुख्य फायबरवर खाली येणारे सुमारे २५०० आणि वर जाणारे सुमारे १२५० एमबीपीएस असतात, आणि ते साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. प्रत्येकाला पाचशे विकले तर बेरीज कितीतरी पट होते. यात फसवणूक नाही. सगळी घरं एकाच क्षणी पूर्ण वेगाने काही उतरवत नाहीत, म्हणूनच ब्रॉडबँड परवडण्याजोग्या किमतीत मिळतं. ग्राहक वाढत जातात आणि कंपनी पुढची क्षमता वाढवत नाही, तेव्हा मात्र संध्याकाळ तुंबते. प्लॅन वाढवून ही गर्दी हटत नाही. इथे कंपनी बदलणं हाच बहुतेकदा खरा इलाज असतो. पण नवी कंपनी निवडताना जाहिरात बघू नका, त्याच इमारतीतल्या तिच्या ग्राहकाकडे रात्री जाऊन टेस्ट बघा. दोनशे मीटरवरची लाईनसुद्धा वेगळ्या गर्दीत असू शकते.

कधी कधी टेस्ट झकास येते आणि तरी एखादी साइट रखडते. स्पीड टेस्टचा सर्व्हर पुष्कळदा कंपनीच्या स्वतःच्याच नेटवर्कमध्ये असतो, त्यामुळे बाहेर जाणारा रस्ता तपासलाच जात नाही. लांबचा सर्व्हर निवडून टेस्ट करा. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं, त्याचा निकालही जोडीला घ्या.

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा, बदलून नेट पळतं असं सांगितलं जातं. पान उघडायची सुरुवात किंचित लवकर होऊ शकते. डाऊनलोडचा वेग त्याने वाढत नाही.

सही करण्याआधी

प्लॅनमधला ‘पर्यंत’ हा शब्द कमाल मर्यादा सांगतो. किमान किती मिळेल हे विचारा, आणि लेखी मागा. अपलोड किती? महिन्याची डाटा मर्यादा किती, आणि ती संपल्यावर वेग किती उरतो? नेटफ्लिक्सच्या हिशेबाने फोर-के तासाला ७ जीबीपर्यंत डाटा खातं. १००० जीबीची मर्यादा म्हणजे साधारण १४० तास, दिवसाला साडेचार तासांहून थोडं जास्त. एका टीव्हीच्या घराला ते पुरेल, तीन टीव्हींच्या घराला महिन्याच्या मध्यावरच ब्रेक लागेल. सुरुवातीची सवलत किती महिने, नंतरचा दर काय, राउटर विकत की भाड्याने, मध्येच सोडलं तर किती भरावं लागेल, हे सगळं वर्षाच्या एकूण खर्चात मांडून मग दोन कंपन्या शेजारी ठेवा. महिन्याच्या आकड्यावरून केलेली तुलना फसवी ठरते.

घरचा कॅमेरा बाहेरून बघायचा असेल किंवा स्वतःचा सर्व्हर चालवायचा असेल तर आणखी एक प्रश्न विचारा. पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा आपला स्वतंत्र इंटरनेट पत्ता, मिळतो का? जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते सव्वाचारशे कोटींच्या आसपासच आहेत आणि त्यांचा जागतिक साठा २०११ च्या फेब्रुवारीत वाटून संपला. म्हणून अनेक कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच पत्ता देतात. राउटरच्या सेटिंगच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही अशा सामायिक पत्त्यामागे आहात. नुसतं बघायला-ऐकायला त्याने काही अडत नाही.

तक्रार करताना

‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगितलं तर फोनवरचा माणूस राउटर बंद-चालू करायला सांगणार. त्याऐवजी सलग तीन-चार दिवस सकाळ-रात्र केबलवर घेतलेल्या टेस्टचे स्क्रीनशॉट ठेवा. वेळ, डाऊनलोड, अपलोड आणि पिंग त्यात दिसतंच. ‘केबलवर सकाळी २९० येतात, रात्री ७०, टेस्ट लॅपटॉपवर, वाय-फाय बंद ठेवून’ असं सांगितलं की बोलणं थेट कामाच्या मुद्द्यावर येतं आणि तक्रार वरच्या माणसाकडे लवकर पोचते.

फायबर असेल आणि नेट दिवसातून चार वेळा तुटत असेल, तर आलेल्या तंत्रज्ञाला पॉवर मीटर लावून आकडा दाखवायला सांगा. वायरमधून किती प्रकाश पोचतो ते हा आकडा सांगतो, तो डीबीएम या मापात असतो आणि उणे असतो. जीपॉनच्या सर्वसाधारण उपकरणांना उणे ८ ते उणे २७ एवढा प्रकाश चालतो. उणे २० च्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या काठावर असेल तर पावसाने, गरमीने किंवा दारात चेमटलेल्या वायरने लाईन केव्हाही जाईल. अशा वेळी वायरला कुठे काटकोनात मोड आला आहे का, हे त्याच्याबरोबर दारापासून डब्यापर्यंत बघत जा. काच तुटलेली नसली तरी तीव्र वळणावर प्रकाश बाहेर गळतो. काम झाल्यावरचा आकडा राउटरच्या पाठीला चिठ्ठी लावून तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी तो तीनने खाली गेलेला दिसला तर लाईनमधला प्रकाश निम्म्यावर आला आहे, आणि हे त्याला फोनवरच सांगता येईल.